मधुमेह-संशोधन : दवाखान्यातील प्रश्नापासून अनुदानाच्या अर्जापर्यंत

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



मधुमेह हा शब्द आज कोणत्याही घराला परका राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजेच आयसीएमआरच्या, साहाय्याने २००८ ते २०२० या काळात देशातील ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत एक मोठी पाहणी झाली. तिच्यात १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढ व्यक्तींचा समावेश होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते.

हे आकडे ऐकून चिंता व्यक्त करण्याची प्रथा आहे. परंतु आजच्या विषयाच्या दृष्टीने एक वेगळीच गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे आकडे कोणीतरी मोजले. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या कार्यकर्त्यांचे वेतन, तपासण्यांचा खर्च, प्रवास, नोंदींची छाननी हा सारा भार कोणत्या तरी संस्थेने उचलला. आणि तो उचलावा म्हणून कोणीतरी काही पाने विचारपूर्वक लिहून त्या संस्थेपुढे ठेवली. ती पाने म्हणजेच संशोधन-अनुदानाचा अर्ज.

मधुमेही रुग्णांची प्रत्यक्ष सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ यांच्या मनात असा अर्ज करण्याचा विचार सहसा येत नाही. संशोधन हे मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांचे काम, लहान गावातील दवाखान्याने औषध द्यावे आणि स्वस्थ बसावे, अशी एक समजूत रूढ झाली आहे. मधुमेह-संशोधनाचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. मोलाचे प्रश्न पुष्कळदा रुग्णाच्या शेजारी बसलेल्या माणसालाच सुचलेले आहेत. अर्ज म्हणजे त्या प्रश्नाला लावलेली शिस्त होय.

टोरोंटो येथील एक विनंती

फ्रेडरिक बँटिंग हे कॅनडातील तरुण शल्यचिकित्सक होते. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर त्यांनी १९२० च्या जुलैमध्ये लंडन या ओंटारिओ प्रांतातील गावी दवाखाना उघडला. पहिल्या महिन्याची त्यांची मिळकत होती अवघी ४ डॉलर. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेर एका रात्री स्वादुपिंडाविषयीचा एक लेख वाचताना त्यांना एक कल्पना सुचली आणि त्यांनी ती काही ओळींत टिपून ठेवली. नोव्हेंबरमध्ये ते टोरोंटो विद्यापीठातील प्राध्यापक जे. जे. आर. मॅक्लिऑड यांना भेटले. त्यांच्यापाशी संशोधनाचा अनुभव नव्हता, मधुमेहाचा विशेष अभ्यासही नव्हता. मॅक्लिऑड यांनी शंका विचारल्या, अडचणी दाखविल्या, आणि अखेर एक प्रयोगशाळा, चार्ल्स बेस्ट हा तरुण साहाय्यक आणि प्रयोगासाठी कुत्रे एवढे साहाय्य मान्य केले. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले.

ही विनंती तोंडी होती. आजच्यासारखा छापील अर्ज तेव्हा नव्हता. तरीही अनुदानाच्या अर्जाचे सारे घटक तिच्यात होते : एक नेमका प्रश्न, तो तपासण्याची रीत, मर्यादित साधनांची मागणी आणि जाणकाराचे परीक्षण. पुढे बँटिंग यांची मूळ रीत अनावश्यक ठरली आणि ती सोडून द्यावी लागली. परंतु प्रश्न खरा होता, म्हणून तो टिकला. रसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉलिप १९२१ च्या अखेरीस त्यांना येऊन मिळाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले, पण त्याचा म्हणावा तसा गुण आला नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिले आणि मुलाची रक्तशर्करा उतरली. १९२३ मध्ये बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी पेटंटचे हक्क प्रत्येकी १ डॉलर घेऊन टोरोंटो विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आले होते.

या इतिहासाची दुसरी बाजूही येथे सांगितली पाहिजे. त्या प्रयोगांत मुक्या प्राण्यांचा बळी गेला आणि पुढील सुमारे सहा दशके इन्सुलिन गाय-बैल व डुकरांच्या स्वादुपिंडांपासूनच मिळत राहिले. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या अनेक रुग्णांना ते टोचून घेताना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. १९७८ मध्ये जिवाणूंच्या साहाय्याने मानवी इन्सुलिन तयार करण्यात यश आले आणि १९८२ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. हा मार्गही संशोधनानेच मोकळा केला. शिवाय आजच्या दवाखान्यातील बहुसंख्य प्रश्न असे आहेत की, त्यांच्या उत्तरासाठी कोणत्याही प्राण्याला हात लावावा लागत नाही. रुग्णांच्या नोंदी, त्यांची संमती आणि काटेकोर मोजमाप एवढी सामग्री त्यांना पुरेशी असते.

पुण्याजवळची सहा गावे

असे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. भारतीय माणसाला मधुमेह तुलनेने लहान वयात होतो आणि तो रुग्ण पाश्चात्त्य रुग्णाइतका लठ्ठही नसतो, ही गोष्ट येथील कोणत्याही अनुभवी डॉक्टरच्या नजरेतून सुटण्यासारखी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणाचा पाठपुरावा केला. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील विवाहित स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. त्यांच्यापैकी ज्या गरोदर राहिल्या अशा सुमारे ८०० मातांचा आहार, श्रम व रक्तघटक नोंदले गेले आणि जन्मलेल्या बालकांची मापे घेतली गेली. या कामाला लंडनच्या वेलकम ट्रस्टचे अनुदान होते.

निष्कर्ष डोळे उघडणारे होते. या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु वजन कमी असूनही पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी नव्हती. घट झाली होती ती मुख्यतः स्नायू व इतर अवयवांत. दिसायला कृश, पण चरबीने पुष्ट, असे हे बालक पुढे जगभरच्या वैद्यकीय साहित्यात परिचित झाले. याच अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले आणि मातेतील ब-१२ व फॉलेट यांच्या असमतोलाचा मुलांच्या शरीरातील इन्सुलिनच्या कार्याशी संबंध दिसून आला. २०१२ पासून त्याच गावांतील किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ पुरवून पुढील पिढीवर होणारा परिणाम अभ्यासण्यात येऊ लागला.

ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी माणसाला त्यासाठी दूध-दह्यावर किंवा औषधी गोळ्यांवर अवलंबून राहावे लागते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ ची पातळी उतरू शकते. तेव्हा पूर्ण शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या रुग्णाच्या पायांना येणाऱ्या मुंग्या मधुमेहामुळे की ब-१२ च्या अभावामुळे, हा प्रश्न कोणाही तंत्रज्ञाला, परिचारिकेला किंवा डॉक्टरला सुचू शकतो. असे प्रश्न सुचतात आणि गर्दीच्या धबडग्यात विरून जातात. अर्ज करणारा एवढेच करतो की, तो प्रश्न विरू देत नाही.

प्रश्न नेमका कसा करावा

अनुदान देणाऱ्या संस्थेचे परीक्षक अर्जात प्रथम प्रश्न शोधतात. “मधुमेह आणि जैन जीवनपद्धती” हा व्याख्यानाचा विषय होऊ शकेल, संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. कारण त्याचे उत्तर मोजता येत नाही. प्रश्न मोजता येण्याजोगा कसा करावा, हे समाजाच्या जवळच्या एका उदाहरणावरून पाहता येईल.

पर्युषण व दशलक्षण पर्वात अनेक मधुमेही श्रावक-श्राविका उपवास करतात. कोणी एकासन करतो, कोणी आयंबिल, कोणी केवळ उकळलेल्या पाण्यावर उपवास करतो; कोणी चौविहार पाळून सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, तर कोणी अठ्ठाईचा संकल्प सोडतो. त्या दिवसांत गोळीचे काय करावे, हे अनेक जण डॉक्टरांना विचारत नाहीत. डॉक्टर उपवास मोडायला सांगतील, ही धास्ती त्यामागे असते. मग कोणी गोळी अर्धी करतो, कोणी पूर्ण बंद करतो, कोणी उपाशीपोटी तशीच घेतो. सल्फोनिलयुरिया गटातील ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्यास रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, भ्रम आणि क्वचित बेशुद्धीही येते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गटातील गोळ्या दीर्घ उपवासात चालू ठेवल्यास शरीरातील पाणी घटणे व रक्तात आम्ल साचणे हा धोका संभवतो. उलट सर्वच औषधे बंद केली तर साखर वाढत जाते.

रमजानच्या उपवासांविषयी अशी माहिती जमविण्याचे मोठे काम झालेले आहे. २००१ साली १३ देशांत १२ हजारांहून अधिक मधुमेही मुस्लिमांचा अभ्यास झाला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. टाइप-२ मधुमेहात साखर अतिशय उतरून रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण इतर महिन्यांच्या तुलनेत रमजानमध्ये सुमारे साडेसात पट झाल्याचे त्यात आढळले. त्यानंतरच्या अभ्यासांतून डॉक्टर व धर्मगुरू या दोघांनाही उपयोगी पडतील अशा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१६ मध्ये तयार झाल्या आणि २०२१ मध्ये सुधारण्यात आल्या. जैन उपवासांची रीत निराळी आहे. रमजानमध्ये रात्री भोजन होते, तर येथे उपवास दिवसरात्रीचा व कित्येकदा सलग अनेक दिवसांचा असतो. त्यामुळे तेथील उत्तरे येथे जशीच्या तशी लागू पडणार नाहीत. एवढ्या विस्ताराचा अभ्यास या उपवासांवर झालेला नाही. म्हणजे येथे खरा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावर माणसांची सुरक्षितता अवलंबून आहे.

हा प्रश्न अर्जात असा मांडता येईल : टाइप-२ मधुमेहासाठी गोळ्या घेणाऱ्या आणि पर्वकाळात किमान एक उपवास करणाऱ्या प्रौढ व्यक्तींपैकी किती जणांची रक्तशर्करा उपवासाच्या दिवशी प्रति डेसिलिटर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाते, आणि हे प्रमाण कोणत्या औषधांच्या बाबतीत अधिक असते? कोणाचा अभ्यास, काय मोजायचे, कोणत्या मापाने, किती काळ, कशाशी तुलना, ही पाचही उत्तरे या एका वाक्यात किंवा त्याच्या लगतच्या वाक्यात मिळाली पाहिजेत.

आराखडा आणि हिशेब

प्रश्नानंतर परीक्षक विचारतात, “किती व्यक्ती?” ही संख्या अंदाजाने लिहिलेले अर्ज हमखास मागे पडतात. समजा, १० टक्के व्यक्तींची साखर उतरत असेल असे गृहीत धरले आणि उत्तर तीन टक्के इकडेतिकडे इतक्या अचूकतेने हवे असेल, तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रानुसार सुमारे ३८५ व्यक्ती लागतात. पाच टक्क्यांची ढिलाई चालणार असेल तर सुमारे १४० पुरतात. काही जण मध्येच सोडून जातात. ती गळती १५ टक्के धरली तर ३८५ ऐवजी सुमारे ४५३ व्यक्तींची नोंदणी करावी लागते. हा हिशेब अर्ज लिहून झाल्यावर करावयाचा नसतो. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला पहिल्याच बैठकीत घ्यावा आणि त्याचे नाव सहसंशोधक म्हणून अर्जात घालावे.

एका गावात एवढ्या व्यक्ती मिळणार नाहीत, म्हणून चार-पाच गावांतील दवाखान्यांनी एकत्र यावे लागेल. यातच लहान ठिकाणच्या सेवकांचे बळ आहे. रुग्णाचा ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याजवळ तो खरी माहिती सांगतो, आणि हा विश्वास कोणत्याही महागड्या यंत्राने विकत मिळत नाही. अर्जात तो शब्दांनी सांगून भागत नाही. गेल्या वर्षभरात किती मधुमेही तपासले, त्यांपैकी किती जण उपवास करतात, किती जण पुन्हा तपासणीस येतात, हे नोंदवहीतून दाखवावे लागते. वीस-पंचवीस जणांवर केलेला छोटा पथदर्शी अभ्यास जोडला, तर अर्जाचे वजन आणखी वाढते.

खर्चाचे अंदाजपत्रक हा अर्जाचा आरसा असतो. उपरोक्त उदाहरणात ४५३ व्यक्तींनी आठ दिवस रोज तीन वेळा बोटातून रक्त तपासायचे ठरले, तर १० हजार ८७२ पट्ट्या लागतील. वाया जाणाऱ्या पट्ट्या निराळ्या धराव्या लागतील. त्यानंतर ग्लुकोमीटर, तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी तपासणी, नोंदी घेणाऱ्या कार्यकर्त्यांचे मानधन, गावोगावचा प्रवास, सहभागी व्यक्तींचा विमा, छपाई व आकस्मिक खर्च. प्रत्येक रकमेपुढे कारण लिहावे आणि दरपत्रक जोडावे. प्रश्नाशी संबंध नसलेले यंत्र या निमित्ताने पदरात पाडून घेण्याचा मोह झाला, तर तो परीक्षकांच्या तत्काळ लक्षात येतो. उलट खर्च मुद्दाम कमी दाखविणेही हिताचे नसते; पट्ट्या सहाव्या दिवशी संपल्या तर सारे श्रम वाया जातात.

वेळापत्रकाचीही एक अडचण या विषयात आहे. पर्व वर्षातून एकदाच येते. मंजुरी पर्वानंतर आठ दिवसांनी हाती आली तरी अभ्यास पूर्ण वर्षाने लांबणीवर पडतो. म्हणून अर्ज, परवानग्या, कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण यांचे दिवस उलटे मोजत यावे.

परवानगी आणि संमती

माणसांवरील कोणत्याही अभ्यासाला नैतिकता समितीची, म्हणजेच एथिक्स कमिटीची, पूर्वमान्यता अनिवार्य आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा आणि डॉक्टरांबरोबरच कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्र जाणणारी व्यक्ती व सामान्य नागरिकांचा प्रतिनिधीही असावा. ज्या दवाखान्याची स्वतःची समिती नाही, त्याने जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी सहकार्याचा करार करावा. औषधोपचाराची चाचणी असेल तर तिची नोंदणी क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या २००७ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत आधीच करावी लागते. निरीक्षणात्मक अभ्यासही तेथे नोंदविता येतो आणि नोंदणीला शुल्क नाही.

संमतिपत्र मराठीत व रुग्णाला समजेल अशा शब्दांत हवे. उपवासाच्या उदाहरणात त्यात दोन गोष्टी निःसंदिग्धपणे लिहिल्या पाहिजेत. हा अभ्यास कोणालाही उपवास करा असे सांगत नाही. ज्यांनी स्वतःहून निश्चय केला आहे त्यांच्याच नोंदी घेतो. आणि साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर उपवास थांबवून उपचार घेण्याचा सल्ला दिला जाईल व त्यासाठी डॉक्टर चोवीस तास उपलब्ध राहील. पच्चक्खाण घेताना प्रकृतीच्या कारणासाठी आगार ठेवण्याची परंपरा आहेच. साधु-साध्वींशी अगोदर विचारविनिमय केल्यास रुग्णाच्या मनावरचे ओझे हलके होईल. बोटातून थेंबभर रक्त काढणे उपवासात चालेल काय, रात्री तपासणी करावी काय, हेही समाजातील जाणत्यांना आधी विचारावे. अशा विचारविनिमयाचा उल्लेख अर्जात जरूर करावा. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच विचारून आराखडा केला, ही गोष्ट परीक्षक गांभीर्याने घेतात.

अनुदान कोठे मागावे

१९११ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नावाने स्थापन झालेली आणि १९४९ पासून आयसीएमआर म्हणून ओळखली जाणारी परिषद हा देशातील प्रमुख आधार होय. ती आपल्या संस्थांबाहेरील संशोधकांनाही लहानमोठी अनुदाने देते. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी तिची अल्पमुदतीची संशोधन-योजना १९७९ पासून आहे. समाजातील वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तिच्याकडे आवर्जून लक्ष द्यावे. केंद्र शासनाचा आरोग्य संशोधन विभाग, जैवतंत्रज्ञान विभाग, तसेच २००८ पासून कार्यरत असलेली जैवतंत्रज्ञान विभाग व वेलकम ट्रस्ट यांची संयुक्त ‘इंडिया अलायन्स’ ही संस्था चिकित्सा व सार्वजनिक आरोग्यातील संशोधनाला साहाय्य करतात. मधुमेहापुरते पाहिले तर १९७२ साली स्थापन झालेली ‘रिसर्च सोसायटी फॉर द स्टडी ऑफ डायबेटिस इन इंडिया’ ही संघटना आपल्या सदस्यांच्या संशोधनासाठी अनुदान देते. प्रथमच अर्ज करणाऱ्या डॉक्टरसाठी असे लहान अनुदान ही उत्तम पहिली पायरी होय.

एक व्यावहारिक अडचण आधीच लक्षात घ्यावी. शासकीय अनुदान बहुधा व्यक्तीच्या खात्यात जमा होत नाही, संस्थेच्या नावे येते. बिगरशासकीय संस्थेला त्यासाठी केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता सहसा लागते. परदेशी निधीसाठी विदेशी अंशदान कायद्याखालील नोंदणी हवी आणि परदेशी संशोधकांशी सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमतीही हवी. ज्यांच्याजवळ हे नाही त्यांनी मान्यताप्राप्त संस्थेतील संशोधकाबरोबर संयुक्त अर्ज करावा. त्यात कमीपणा काहीच नाही. बँटिंग यांनाही मॅक्लिऑड यांचे दार ठोठवावे लागले होते.

पहिला अर्ज नामंजूर होणे ही नित्याची गोष्ट आहे. परीक्षकांचे अभिप्राय मिळाले तर ते जपून ठेवावेत आणि प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देऊन अर्ज पुन्हा पाठवावा. बहुतेक आक्षेप तेच ते असतात : प्रश्न फार विस्तृत, नमुनासंख्येला आधार नाही, संख्याशास्त्रज्ञ नाही, वेळापत्रक अव्यवहार्य. हे सर्व दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. मुळात प्रश्नच नसेल, तर मात्र इलाज नाही.

न्यासांचे कर्तव्य

समाजातील दानशूर व्यक्तींनी व न्यासांनी रुग्णालये उभारली, नेत्रशिबिरे घेतली, डायलिसिसची यंत्रे दिली. या सेवेचे मोल कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु मूत्रपिंड निकामी होण्याचे एक प्रमुख कारण मधुमेह आहे. तेव्हा यंत्राच्या खर्चाचा एक लहानसा अंश तरी तो रुग्ण यंत्रापर्यंत का पोहोचला, या प्रश्नावर खर्च होणे न्याय्य ठरेल. यंत्रावर दात्याचे नाव लिहिता येते, प्रश्नावर लिहिता येत नाही; म्हणून अशा कामाला दाता मिळणे अवघड जाते, हे खरे आहे. तरी शास्त्रदान किंवा ज्ञानदान आणि औषधदान यांना ज्या परंपरेत चतुर्विध दानात स्थान आहे, त्या परंपरेला दोन्ही दाने जेथे एकत्र येतात ते काम परके वाटू नये.

न्यासांना तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली, आपल्या दवाखान्यात व शिबिरांत येणाऱ्या प्रत्येक मधुमेहीची एकसारखी नोंद ठेवणे : वय, वजन, औषधे, एचबीए१सी, पायांची व डोळ्यांची तपासणी, उपवासाची सवय. नावे गोपनीय ठेवून केलेली पाच वर्षांची अशी नोंदवही कोणत्याही अर्जाचा कणा ठरू शकते. दुसरी, दरवर्षी एखाद्या परिचारिकेला, आहारतज्ज्ञाला किंवा तरुण डॉक्टरला पथदर्शी अभ्यासासाठी छोटी रक्कम देणे. तिच्यासाठीही लेखी अर्ज मागवावेत, बाहेरील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत आणि विश्वस्तांच्या आप्तेष्टांना त्यात झुकते माप देऊ नये. तिसरी, जो निष्कर्ष येईल तो, मग तो अनुकूल असो वा प्रतिकूल, समाजापुढे सोप्या मराठीत मांडणे. उपवासात काही विशिष्ट रुग्णांना धोका अधिक आहे असे दिसले, तर ते सांगण्याचे धैर्य हवे. आणि योग्य फेरबदल केल्यास काहींना तो सुरक्षितपणे करता येतो असे दिसले, तर तेही तितक्याच मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

मधुमेहाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने येत्या वर्षभरात आपल्या कामाच्या टेबलावर एक कोरी वही ठेवावी आणि ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडले नाही असा प्रश्न तिच्यात लिहावा. वर्षाअखेर त्यांतील एक निवडावा, तो मोजता येण्याजोगा करावा, संख्याशास्त्रज्ञाला दाखवावा आणि अर्ज लिहायला बसावे. न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांच्या वाटचालीत अशा एका तरी प्रश्नाचे उत्तर या परिसरातून मिळाले आणि त्यायोगे एखाद्या घरातील उपवास निर्विघ्न पार पडला, एखाद्या वृद्धाचा पाय किंवा डोळा वाचला, तर सुवर्णमहोत्सवाचे ते सार्थक ठरेल.